मोठ्या फुटबॉल क्लबमधले पोरांचे कोच सोडून जातात, तेव्हा क्लबमधून नेमकं काय जातं?

ठाण्यातलं बाळकुम नाका. एक रस्ता कशेळीवरून भिवंडीकडे जातो, दुसरा कोलशेतकडे. एकेकाळी हे गाव होतं, आज गावठाणाच्या डोक्यावर टॉवर उभे आहेत. रविवारी सकाळी इथून किटबॅग लावून निघणारी पोरं बघितली, तर कुणाच्या अंगावर मँचेस्टर सिटीची जर्सी, कुणाच्या आर्सेनलची, कुणाच्या मुंबई सिटीची.

समजा, त्यातलाच एक बारा वर्षांचा पोरगा. ट्रायल देऊन एका मोठ्या क्लबच्या अकॅडमीत लागला. पोरगा विंगवर खेळायचा. तिथल्या कोचने चार महिने बघितलं आणि सांगितलं, "तू राइट बॅक खेळ. उंची उशिरा वाढेल तुझी, पण तुला खेळ आधी दिसतो." पोरगं नाराज झालं, मग रुळलं, मग खुलायला लागलं. आणि एक दिवस पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळींचा मेसेज आला. सर आता क्लबसोबत नाहीत, सोमवारपासून नवे सर येतील, सहकार्य करावे.

नवे सर आले. त्यांना समोर दिसला एक बुटका डिफेंडर.

हा पोरगा काल्पनिक आहे, पण ही गोष्ट जगभरातल्या अकॅडम्यांमध्ये घडत असते. सीनियर टीमचा कोच गेला की ब्रेकिंग न्यूज होते. अंडर-१५ चा कोच गेला तर क्लबच्या वेबसाइटवर एक ओळही येईल याची खात्री नाही. पण एखाद्या मोठ्या क्लबमधून मुलांचे तीन-चार कोच एकापाठोपाठ निघायला लागले, की सोशल मीडियावर चर्चा सुरू होते. काय बिनसलंय? क्लब बुडतोय का?

तर दर वेळी काहीतरी बिनसलेलंच असतं असं नाही. पण काही वेळा खरंच सगळं संपलेलं असतं. हा फरक कसा ओळखायचा, ते बघू.

आधी समजून घ्या, अकॅडमीत कोण कोण असतं?

मोठ्या क्लबची अकॅडमी म्हणजे एक कोच आणि वीस पोरं एवढंच नसतं. वयोगटानुसार टीम असतात. अंडर-१३, अंडर-१५, अंडर-१७ किंवा १८, आणि वर रिझर्व्ह किंवा 'बी' टीम. प्रत्येक टीमला कोच, शिवाय गोलकीपरसाठी वेगळा कोच, फिजिओ, फिटनेस बघणारा माणूस, नवी पोरं हेरणारे स्काउट. या सगळ्यांच्या वर एक प्रमुख. इंग्लंडमध्ये त्याला अकॅडमी डायरेक्टर म्हणतात, भारतात बहुतेक ठिकाणी हेड ऑफ यूथ.

अंडर-१३ ची टीम मॅच हरली म्हणून सहसा कुणाची नोकरी जात नाही. कोचचं खरं काम वेगळं असतं. कोणता पोरगा आत्ता मोठा दिसतोय कारण तो लवकर वयात आलाय, आणि कोणता आत्ता मागे दिसतोय पण दोन वर्षांनी पुढे जाईल, हे ओळखणं. कुणाच्या गुडघ्याला जपायचं, कुणाला ओरडलं की तो गप्प होतो आणि कुणाला ओरडल्याशिवाय जमत नाही, हे लक्षात ठेवणं.

यातलं बरंचसं कागदावर नसतं, कोचच्या डोक्यात असतं. म्हणून तो गेला की ते त्याच्याबरोबर जातं.

मग हे लोक सोडून का जातात?

ढोबळमानाने चार कारणं असतात. पहिलं, प्रमोशन. दुसरं, दुसऱ्या क्लबने जास्त मोठं पद दिलं. तिसरं, वरचा साहेब बदलला आणि नव्या साहेबाने आपली माणसं आणली. आणि चौथं, मालकाने हात आखडता घेतला किंवा क्लबच बंद केला.

पहिली तीन कारणं समजायला इंग्लंड बघू, कारण तिथल्या बातम्या आपल्यापर्यंत पोहोचतात.

मँचेस्टर सिटीच्या अंडर-२३ टीमला २०२०-२१ मध्ये एन्झो मारेस्का कोच होते. टीमने प्रीमियर लीग-२ जिंकली आणि मारेस्का लगेच इटलीच्या पार्मा क्लबकडे हेड कोच म्हणून गेले. तिथे जमलं नाही, काही महिन्यांतच हटवलं गेलं. मग ते सिटीत गार्डिओलांचे असिस्टंट म्हणून परतले, पुढे लेस्टरला प्रीमियर लीगमध्ये आणलं आणि २०२४ मध्ये चेल्सीचे हेड कोच झाले. सिटीच्या त्या अंडर-२३ टीममध्ये कोल पामर नावाचा पोरगा खेळायचा. मारेस्का चेल्सीत पोहोचले तेव्हा पामर वर्षभर आधीच तिथे जाऊन स्टार झालेला होता. म्हणजे पोरांचा कोच आणि पोरगा, दोघंही वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले.

आर्सेनलचा माजी खेळाडू जॅक विल्शर क्लबच्या अंडर-१८ टीमचा कोच होता. त्याने टीमला २०२३ मध्ये एफए यूथ कपच्या फायनलपर्यंत नेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो नॉर्विचच्या सीनियर टीमच्या कोचिंग स्टाफमध्ये गेला. हे सरळसरळ करिअर आहे, यात भांडण शोधायची गरज नाही.

चेल्सीतलं जाणं मात्र वेगळं होतं. नील बाथ १९९३ पासून क्लबमध्ये होते. मेसन माउंट, रीस जेम्स, कॉनर गॅलेगर अशी पिढी ज्या अकॅडमीतून आली, ती त्यांनी उभी केलेली. २०२४ मध्ये ते आणि त्यांचे जुने सहकारी जिम फ्रेझर, दोघंही क्लबमधून बाहेर पडले. त्याच्या दोन वर्षं आधी क्लबचा मालक बदलला होता आणि वरची माणसंही. तीस वर्षांची ओळख एका उन्हाळ्यात संपली.

२०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या अकॅडमीचे प्रमुख निक कॉक्सही क्लब सोडून एव्हर्टनला टेक्निकल डायरेक्टर म्हणून गेले. त्यांच्या काळात गार्नाचो आणि माइनू असलेल्या टीमने २०२२ चा एफए यूथ कप जिंकला होता.

आता गंमत बघा. युनायटेडच्या सीनियर टीमच्या प्रत्येक मॅचच्या संघात अकॅडमीतून आलेला किमान एक खेळाडू असतो. ही परंपरा ऑक्टोबर १९३७ पासून चालू आहे. या काळात महायुद्ध होऊन गेलं, मालक बदलले, मॅनेजर बदलले, मुलांचे कोच तर किती बदलले असतील. तरी साखळी तुटली नाही, कारण 'पोरं वर आणायची' ही क्लबची सवय आहे आणि ती एका माणसावर अवलंबून नाही.

इथेच मुद्दा आहे. कोच जाणं ही बातमी नाही. कोच गेल्यावर मागे काय उरतं, ती खरी बातमी.

महाराष्ट्रात काय झालं?

आपल्याकडे पहिली तीन कारणं आहेतच. पण सगळ्यात जास्त घाव घातलाय तो चौथ्या कारणाने.

पुण्याचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये अशोक पिरामल ग्रुपने पुणे एफसी हा क्लब सुरू केला. आय-लीगमध्ये टीम २०१२-१३ ला दुसरी आली. पण जाणकार लोक नाव घ्यायचे ते त्यांच्या अकॅडमीचं. देशभरातून मुलं आणायची, ठेवायची, शिकवायची. ज्युनियर पोरांच्या राष्ट्रीय लीगमध्ये पुण्याची अकॅडमी एकापेक्षा जास्त वेळा विजेती झाली. केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन नावाचा पोरगा याच अकॅडमीत आला आणि पुढे भारतासाठी खेळला.

पण २०१५ मध्ये मालकांनी क्लबमधून अंग काढून घेतलं. तोपर्यंत इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल सुरू झाली होती आणि शहरात एफसी पुणे सिटी हा नवा क्लब आला होता. त्यांनी जुनी अकॅडमी घेतली. म्हणजे नाव बदललं, पण मुलांचं शिक्षण थांबलं नाही. आशिक याच नव्या क्लबमधून स्पेनमध्ये विलारेआलकडे शिकायला जाऊन आला आणि परतल्यावर सीनियर टीममध्ये खेळला.

मग आलं २०१९. एफसी पुणे सिटी पैशांच्या अडचणीत आला आणि बंद झाला. आयएसएलमधली त्याची जागा नव्या हैदराबाद एफसीला मिळाली. सीनियर खेळाडूंपैकी बऱ्याच जणांचे करार तिकडे गेले. मोठ्या खेळाडूचा करार एका शहरातून दुसऱ्या शहरात नेता येतो. तेरा वर्षांचं पोरगं शाळेसकट, आई-वडिलांसकट हैदराबादला नेता येत नाही. त्याच्या कोचलाही तिथे कुणी बोलावलेलं नसतं.

चार वर्षांत एकाच शहरातले दोन मोठे क्लब गेले. त्याच काळात कल्याणी ग्रुपचा भारत एफसी हा तिसरा क्लबही पुण्यात २०१४-१५ चा एकच आय-लीग सीझन खेळून गायब झाला होता.

मुंबईची गोष्ट याहून जुनी. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, कोच होते गोव्याचे डेरिक परेरा. चार वर्षांनी, २०१० मध्ये कंपनीने टीमच बंद केली आणि शाळांच्या स्पर्धेकडे लक्ष वळवलं. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगच्या तळाला गेला आणि बंद पडला. आज भारतीय टीमचे हेड कोच असलेले खालिद जमील याच मुंबई एफसीत घडले. ते क्लबच्या अंडर-१९ टीमला शिकवत होते, २००९ मध्ये त्यांच्याकडे सीनियर टीम आली. २०१६ मध्ये क्लब आणि ते वेगळे झाले. पुढच्याच सीझनला त्यांनी मिझोरमच्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. त्याच सीझनला मुंबई एफसी बुडाला.

कोचला दुसरं दार सापडलं. क्लबमधल्या पोरांचं काय झालं, याची नोंद कुठल्या पॉइंट टेबलमध्ये नसते.

मग चांगलं उदाहरण कुठलंच नाही का?

आहे ना. शेजारी गोव्यात.

धेंपो स्पोर्ट्स क्लबने देशाची लीग पाच वेळा जिंकलीय. २०१६ मध्ये गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. फेडरेशनच्या नव्या रचनेत आयएसएलला वरचं स्थान मिळणार होतं, त्यावर ते नाराज होते. पण धेंपोने एक गोष्ट सोडली नाही. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या मैदानावर पोरांचं काम चालू ठेवलं. राष्ट्रीय लीगमध्ये टीम नाही, टीव्हीवर मॅच नाही, तरी पोरं शिकत राहिली. आणि २०२४-२५ मध्ये धेंपो आय-लीगमध्ये परत आला. टीमचे कोच होते समीर नाईक, म्हणजे धेंपोच्याच सुवर्णकाळातले डिफेंडर.

त्याच धेंपोच्या मिडफिल्डमध्ये वर्षानुवर्षं खेळलेले क्लिफर्ड मिरांडा. खेळणं थांबवल्यावर ते एफसी गोवाच्या डेव्हलपमेंट टीमचे कोच झाले. या टीमने २०१८-१९ ची गोवा प्रोफेशनल लीग जिंकली. त्यानंतर ते सीनियर टीमच्या स्टाफमध्ये गेले. २०२० च्या सुरुवातीला एफसी गोवाने हेड कोच सर्जिओ लोबेरा यांना हटवलं, तेव्हा उरलेल्या मॅचसाठी टीम मिरांडांकडे आली. लीग शील्ड गोव्याने जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत जागा मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

पुढे मिरांडांनी एफसी गोवा सोडलं, ओडिशा एफसीत गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. हा कप जिंकणारे ते पहिले भारतीय कोच.

म्हणजे गोव्यातून एक चांगला कोच गेलाच. पण तो जाण्याआधी वर चढण्याची शिडी क्लबमध्येच होती. डेरिक परेरांसारखा अनुभवी माणूस टेक्निकल डायरेक्टर म्हणून वर बसलेला होता. डिसेंबर २०२१ मध्ये हेड कोच हुआन फेर्रांडो मोसमाच्या मध्यातच मोहन बागानला गेले, तेव्हा परेराच खाली उतरून टीमला उभे राहिले. माणसं बदलली, पण धागा तुटला नाही.

मुंबईचेच नौशाद मूसा हेही असंच उदाहरण. बंगळुरू एफसीच्या रिझर्व्ह पोरांचे ते कोच होते. २०२१ मध्ये कार्लेस क्वाद्रात गेल्यावर काही काळ सीनियर टीम त्यांनी सांभाळली, नंतर क्लब सोडला आणि २०२५ मध्ये भारताच्या अंडर-२३ टीमचे कोच झाले.

खालिद, मिरांडा, मूसा. तिघांनीही पोरांच्या टीम सांभाळल्या. तिघंही तिथून निघून वर गेले.

पण चांगले कोच पोरांसोबतच का थांबत नाहीत?

कारण सिस्टीम त्यांना वर ढकलते.

कोचिंगच्या लायसन्सची शिडी बघा. डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. आयएसएलमध्ये हेड कोच व्हायचं तर प्रो लायसन्स लागतं. खालच्या लायसन्सवर लहान पोरं, वरच्या लायसन्सवर मोठी टीम, असाच सगळ्यांचा समज. म्हणजे लहान मुलांना शिकवणं ही पहिली पायरी मानली जाते आणि पायरीवर कुणी मुक्काम करत नाही. पगारही त्याच हिशोबाने.

दुसरी गोष्ट, श्रेय आणि पैसा. फिफाचा एक नियम आहे. खेळाडू करार संपायच्या आत एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये गेला आणि त्यासाठी पैसे मोजले गेले, तर त्यातले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात.

साधा हिशोब करू. ट्रान्सफर १ कोटीची झाली, तर ५ लाख बाजूला निघतात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाचे २५ हजार, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाचे ५० हजार. पोरगा ज्या वर्षी ज्या क्लबात होता, त्या वर्षाचे पैसे त्या क्लबला.

आता बघा, यात कोच कुठे आहे? कुठेच नाही. त्या पोराला विंगवरून राइट बॅकला आणणाऱ्या माणसाला या नियमाने एक रुपयाही मिळत नाही. पैसे क्लबचे. आणि क्लबच बंद पडला असेल तर? मग ती रक्कम देशाच्या फेडरेशनकडे जाऊ शकते, ज्युनियर फुटबॉलवर खर्च करायला. कोच तेव्हाही यादीत नसतो.

त्यात बारा वर्षांखालचं काम या हिशोबात येतच नाही. पोराच्या पायाला बॉलची सवय लागते ती तर त्याच वयात.

२०२५ मध्ये ही भीती परत का आली?

आयएसएल चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशन यांच्यातला करार डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नवा करार ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये पुढचा सीझन थांबवून ठेवल्याचं क्लबांना कळवलं गेलं. लगेच परिणाम दिसले. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने सीनियर टीमचे खेळाडू आणि स्टाफ यांचे पगार थांबवले. चेन्नईयिन आणि ओडिशाकडूनही काम थांबवल्याच्या बातम्या आल्या.

बंगळुरूच्या घोषणेतली एक ओळ मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. ज्युनियर टीम आणि सॉकर स्कूल चालूच राहतील, असं क्लबने सांगितलं होतं. सीनियरचे पगार थांबले तरी पोरांचं मैदान बंद करायचं नाही, असा निर्णय.

आणि मग मुंबई. बाळकुमच्या पोराच्या अंगावर जी निळी जर्सी आहे, त्या मुंबई सिटी एफसीत मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्यांच्या काळात क्लबने दोनदा लीग शील्ड आणि दोनदा आयएसएल कप जिंकला. डिसेंबर २०२५ मध्ये, लीगचं भवितव्य अधांतरी असताना, ग्रुपने आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांच्या हातात आला.

याचा अर्थ पोरांची अकॅडमी लगेच कोलमडते असा नाही. पण जगभरात क्लब असलेला मोठा ग्रुप पाठीशी असतो, तेव्हा शिकवण्याची पद्धत, नोंदी ठेवण्याची सवय, कोचना कोच करणारी माणसं हे सगळं सोबत असतं. तो ग्रुप गेल्यावर यातलं स्वतःचं किती उरलं, हे दोन-तीन वर्षांनी कळतं. ट्रॉफी कपाटात लगेच मोजता येतात, हे मोजता येत नाही.

मग बाळकुमच्या आई-बाबांनी काय करायचं?

ठाण्यात राहणाऱ्या पोराकडे आज पर्याय बरेच आहेत. गल्लीतल्या टर्फवरची कोचिंग आहे, मोठ्या क्लबच्या नावाने चालणारी सॉकर स्कूल आहेत, आणि खाडीपलीकडे घणसोलीत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची स्कॉलरशिपवर चालणारी निवासी अकॅडमी आहे. सगळीकडे एकच गोष्ट लक्षात ठेवायची. बॅनरवर क्लबचं नाव असतं, पण पोरगं शिकतं कोचकडून.

म्हणून फी भरण्याआधी, आणि कोच गेल्याचा मेसेज आल्यावर तर नक्कीच, हे प्रश्न विचारा.

एक, कोच का गेला? हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. तो वर गेला, दुसरीकडे गेला, की कुठल्या तक्रारीमुळे काढला गेला, हे पोरांच्या पालकांना कळायला हवं. चांगली अकॅडमी सरळ उत्तर देते.

दोन, एकटाच गेला की रांग लागलीय? एक कोच गेला तर ते करिअर असतं. सहा महिन्यांत प्रमुखासकट तिघं-चौघं गेले, तर वरच्या मजल्यावर काहीतरी बदललंय. मग पगार वेळेवर होतात का, हेही कानावर घ्या.

तीन, माझ्या मुलाची नोंद कुठे आहे? उंची, वजन, दुखापती, कोणत्या जागी किती मॅच खेळला, काय सुधारायचं ठरलं होतं. हे लिहिलेलं असेल, तर नवा कोच शून्यापासून सुरू करणार नाही. नसेल, तर आजपासून घरी एक वही करा. जुन्या सरांना जाण्याआधी भेटा आणि पोराबद्दलच्या चार ओळी त्यांच्याकडून लिहून घ्या.

चार, नवा कोच कोण? आतलाच असिस्टंट वर आला असेल तर धागा टिकतो. बाहेरून आला असेल तर जुने आणि नवे सर काही दिवस एकत्र मैदानावर होते का, हे विचारा. आणि त्याचं लायसन्स कोणतं, तेही.

पाच, सरांच्या मागे जायचं का? आपल्याकडे हे सर्रास होतं. सर नवी अकॅडमी काढतात आणि अर्धी बॅच तिकडे जाते. चूक नाही, पण आधी बघा की मुलाची फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टीममधली नोंदणी कोणत्या क्लबच्या नावावर आहे. ट्रान्सफरचे सोपस्कार पूर्ण न करता गेलात, तर शिकायला मिळेल पण स्पर्धेत खेळताना अडचण येऊ शकते. शिवाय नव्या ठिकाणी पोराच्या वयाची टीम आहे का, ती लीग खेळते का, हेही बघा.

थोडक्यात काय?

मोठ्या क्लबमधून मुलांचे कोच जाणारच. चांगले असतील तर जास्त लवकर जातील, कारण त्यांना वरून बोलावणं येतं. खालिद जमील मुंबईच्या अंडर-१९ टीमपाशीच थांबले असते, तर आज भारताचे कोच नसते.

क्लबचं काम असतं ते त्यांच्या डोक्यातलं कागदावर उतरवण्याचं, त्यांच्या शेजारी दुसरा माणूस तयार करण्याचं, आणि मालकाचा मूड बदलला तरी अंडर-१३ चं मैदान बंद न होऊ देण्याचं. धेंपोने हे लीगबाहेर राहून केलं. पुण्यात दोन क्लबांना मिळूनही ते बारा वर्षांच्या पुढे नेता आलं नाही. २००७ ला पुणे एफसी सुरू झाला, २०१९ ला पुणे सिटी संपला. जी मुलं पुणे एफसी सुरू झाला त्या वर्षी जन्मली, ती नेमकी अकॅडमीत जायच्या वयाची झाली तेव्हा तिथे दार बंद होतं.

बाळकुमचा तो बुटका राइट बॅक सोमवारी पुन्हा मैदानावर जाईल. नव्या सरांना तो कोण आहे हे माहीत नसेल. ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं. क्लबने सांगितलं तर उत्तम. नाही तर घरची वही आहेच.